उपवासकाळातला आलेलुया

राखेच्या बुधवारी सकाळी वर्षाराणी पाटोळे वडमाळच्या फाट्यावर अंबडच्या एस.टी.ची वाट पाहत उभी होती. सिस्टरांच्या बालवाडीत ती शिकवायची आणि पोरांसाठी रंगीत खडू आणायचे होते. कपाळावर राखेचा काळा क्रूस होता, पहाटेच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, फादरांनी लावलेला. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ या बुधवारी सुरू होतो, आणि वडमाळच्या सगळ्या ख्रिस्ती घरांतली कपाळं त्या दिवशी अशीच दिसतात, पण फाट्यावरचा चहावाला दरवर्षी न चुकता विचारतो, “पोरी, कपाळाला काय लागलं गं?”

यंदाही त्याने विचारलं. ती उत्तर देणार तेवढ्यात अंकुशनगरच्या बाजूनं एक मोटारसायकल आली आणि थेट तिच्यासमोर थांबली. गाडीवरच्या तरुणानं हेल्मेट काढलं. डोळे जागरणानं लाल, केस ओले, आणि अंगाला साखर कारखान्याचा तो गोडसर आंबूस वास. तिच्या कपाळाकडे नजर जाताच त्याचा चेहरा उतरला.

“म्हंजे... झाली मिस्सा?”

“कवाच झाली.”

“राख उरली असंल की थोडी?”

“फादर राख घेऊन दुसऱ्या गावाला गेले. सांजच्याला येतील.”

“सांजच्याला माझी ड्युटी हाये.” त्यानं कपाळावर हात मारला. “शिफ्ट सुटली, म्हटलं जरा आडवं व्हावं, तर डोळाच लागला. आता आई फोनवर पहिलं हेच विचारणार, राख घेतली का. अन् मला खोटं बोलता येत न्हाई. म्हंजे... येतं. पण तिच्यासंगं न्हाई येत.”

वर्षाराणीला हसू आलं. आणि मग तिच्या हातून जे घडलं, त्याचा विचार ती पुढे कितीतरी दिवस करत राहिली. तिनं आपला अंगठा स्वतःच्या कपाळावरच्या राखेवर घासला आणि म्हणाली, “डोकं खाली करा.”

त्यानं मुकाट्यानं डोकं झुकवलं. तिनं त्याच्या कपाळावर क्रूस काढला, आणि लहानपणापासून कानांत बसलेले शब्द सवयीनं तोंडातून निघून गेले, “हे मानवा, तू माती आहेस आणि मातीला मिळशील, याची आठवण ठेव.”

त्यानं मान वर केली. तिच्याकडे बघतच राहिला.

“पहिल्याच भेटीत इतकं स्पष्ट मला कुणी बोललं न्हवतं,” तो म्हणाला.

एस.टी. आली. वर्षाराणी पळतच गाडीत चढली. आपण कोण लागून गेलो कुणाला राख लावणारे? हे पाप तर नाही ना? आणि पाप असेल तर मग इतकं गोड का वाटतंय? अंबड येईपर्यंत तिनं चार वेळा प्रभूची प्रार्थना म्हटली आणि बाजारातून खडू न घेताच परत आली.

वडमाळच्या मंदिरात... तिथं चर्चला कुणी चर्च म्हणत नाही, मंदिरच म्हणतात... तर मंदिरातल्या गायनमंडळावर राज्य होतं चांगुणाबाईंचं. पांढरं पातळ, हातात काचेच्या बांगड्यांऐवजी जपमाळ, आणि आवाज असा की मिस्सा सुरू झाल्याचं मोसंबीच्या बागेत पाणी धरणाऱ्या माणसाला कळावं. फादर इनास वसईकडचे, शिकलेले, मृदू बोलणारे. ते स्वतःच म्हणायचे, “वेदीवर माझं चालतं. गाण्यात चांगुणाबाईंचं.”

उपवासकाळात चांगुणाबाईंचे नियम कडक असत. ढोलकी बंद, झांजा बंद, फक्त पेटी, तीही हलक्या हातानं. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे ‘आलेलुया’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. तो आनंदाचा शब्द. ईस्टरच्या पहाटेपर्यंत तो बंद म्हणजे बंद. एरवी शुभवर्तमान वाचायच्या आधी हाच शब्द गायचा असतो, पण या दिवसांत त्या जागी ‘हे ख्रिस्ता, तुझी स्तुती असो’ एवढंच म्हणायचं.

ईस्टरच्या पहाटे मात्र तो शब्द परत येतो. एकच आवाज तो तीनदा गातो, दर वेळी आधीपेक्षा वरच्या सुरात. तिसऱ्यांदा तो सूर वर पोचला की अख्खं मंदिर उसळतं. वर्षाराणी आईच्या पदराला धरून मंदिरात यायची तेव्हापासून तिला एकच गोष्ट हवी होती, तो तिसरा सूर आपण लावायचा. इतकी वर्षं तो मान चांगुणाबाईंचा होता. यंदा त्यांनी जाहीर केलं होतं, “मला आता दम पुरत न्हाई. यंदाच्याला आपली वर्षी म्हणंल.” ते ऐकून वर्षाराणीनं आनंदाच्या भरात घरी भाजीत दोनदा मीठ घातलं होतं.

उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी गोरक्षनाथ मास्तर, म्हणजे गावात धर्मशिक्षण देणारे, एका तरुणाला घेऊन गायनमंडळापाशी आले.

“हे राजानंद हिवाळे. गंगापूरकडचे. कारखान्यात फिटर हायेत हंगामापुरते. ढोलकी झकास वाजवतात. ईस्टरला आपल्याला ढोलकीवाला पाहिजेच, तवा आतापासूनच बसू द्या, चाली कानावर पडतील.”

वर्षाराणीनं वर पाहिलं आणि गाण्याचं पुस्तक तिच्या हातातून घसरलं. फाट्यावरचा माणूस! त्यानं तिला ओळखलं, आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, “जय येशू. मी... माती.”

“काय म्हणले?” चांगुणाबाईंनी भुवया वर केल्या.

“मातीतला माणूस हाये म्हटलं मावशी. शेतकऱ्याचा पोरगा.”

त्याला तिच्या बरोबर समोर जागा मिळाली. ढोलकीला खोळ घातलेली, ती मांडीवर, आणि वाजवायची मनाई. पण बोटांना कोण मना करणार? गाणं सुरू झालं की त्याची बोटं गुडघ्यावर चालायची. आवाज नाही, नुसती थरथर. वर्षाराणी पुस्तकात बघून गायची आणि दर ओळीनंतर तिची नजर त्या बोटांवर जाऊन यायची.

ईस्टरच्या गाण्यांचा सराव मंदिरामागच्या कडुनिंबाखाली चाले. तिथंही तो शब्द चालत नव्हता. चाल बसवायची ती ‘ला ला ला’ वर.

“मावशी, ‘ला ला’वर ठेका बसत न्हाई,” राजानंद एके दिवशी साळसूदपणे म्हणाला. “दुसरा कोणताही शब्द घेऊ की. ‘आलू घ्या’ घ्या. ठेक्यात बराबर बसतो.”

सगळं गायनमंडळ फिसकन हसलं. वर्षाराणीनं ओढणी तोंडावर धरली. चांगुणाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो ढोलकीच्या खोळीच्या गाठी मोजायला लागला.

सराव संपल्यावर तो गाडी ढकलत तिच्या बाजूनं चालू लागला. कडुनिंबाला मोहोर आला होता आणि सगळ्या वाटेवर त्याचा वास होता.

“तुमी उपवासकाळात काय सोडलं?” त्यानं विचारलं.

“आधी तुमी सांगा.”

“साखर.”

ती थांबलीच. “साखर कारखान्यात काम करता अन् साखर सोडली?”

“मंग काय! दिवसभर नाकात साखर, केसांत साखर, अन् कपात कोरा चहा. खरा उपवास याला म्हणतात. आता तुमी सांगा.”

“मी... उलट बोलणं सोडलंय.”

“अस्सं? मंग आत्ता फाटकापासून काय चालू हाये?”

“ही उत्तरं हायेत. उलट उत्तरं न्हाईत.”

“बरं बरं,” तो हसत म्हणाला. “मंग उपवास पक्का हाये तुमचा.”

त्यानं हसताना मान जराशी वाकडी केली, आणि वर्षाराणीला वाटलं की ही वाट आणखी थोडी लांब असायला हवी होती.

तिसऱ्या रविवारी ते घडलं.

मंदिर भरलेलं. वेदीवर जांभळं कापड. फादर शुभवर्तमान वाचायला उठले, आणि त्याआधीची ओळ उचलायची ती वर्षाराणीनं. तिनं श्वास घेतला. समोर राजानंदची बोटं गुडघ्यावर थांबली होती, तिच्या सुराची वाट पाहत. त्यानं वर पाहिलं. तिनंही पाहिलं. आणि तिनं सूर लावला, छान, मोकळा, भरलेला...

“आ-ले-लु-या!”

इतकं होऊन थांबतं तरी बरं. पण सूर कानावर पडताच राजानंदचा हात आपोआप ढोलकीवर पडला. खोळीसकट. धप्प! आणि ठेका मिळताच, वर्षानुवर्षांची सवय, अख्खं मंदिर एका आवाजात गरजलं, “आलेलुया!”

मग जी शांतता पसरली ती काही विचारू नका. वडमाळच्या सगळ्या ख्रिस्ती मंडळींनी भर उपवासकाळात, मिस्सेत, फादरांच्या समोर उपवास मोडला होता. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी जीभ चावली. एकीनं छातीवर क्रूस काढला. फादर इनासांनी पुस्तक चेहऱ्यासमोर धरलं, आणि त्यांचे खांदे कशानं हलले हे कुणालाच नीट सांगता आलं नाही.

वर्षाराणीला वाटलं, जमीन दुभंगावी. चांगुणाबाईंनी मिस्सा संपेपर्यंत तिच्याकडे पाहिलं नाही. नंतर अंगणात, चारचौघांत, शांतपणे म्हणाल्या, “ज्याला गप ऱ्हाता येत न्हाई, त्याच्या तोंडी तो शब्द शोभत न्हाई. ईस्टरला मीच म्हणीन. तू तवर तोंड उघडायचं न्हाई. बसायचं अन् ऐकायचं.”

एवढं बोलून त्या निघून गेल्या. वर्षाराणी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. आई, उषाबाई, पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “दुसरं गाणं दितील की गं तुला.” पण दुसरं गाणं नको होतं. तिला तो तिसरा सूर हवा होता. तो हातात आला होता आणि तिनं स्वतःच, एका माणसाच्या बोटांकडे बघता बघता, तो घालवला होता.

दुसऱ्या दिवशी राजानंद बालवाडीच्या कुंपणापाशी उभा होता.

“माझ्यामुळं झालं,” तो म्हणाला. “मी फादरांकडं जाऊन सांगतो. थाप मी मारली. शिक्षा मला द्या म्हणतो.”

“अन् शब्द? तो पण तुमीच म्हणला का?”

“न्हाई, पण...”

“मंग ऱ्हाऊ द्या. चूक माझी हाये. मला गप बसायला सांगितलंय, मी गप बसणार. कुणाच्या वशिल्यानं मला ते गाणं नको.”

तो कुंपणावर रेलला. मग हळूच म्हणाला, “उलट बोलणं सोडलंय ना तुमी?”

डोळ्यांत पाणी असूनही तिला हसू आलं. हा माणूस आपल्याला आवडायला लागलाय, हे तिनं त्या क्षणी स्वतःशी कबूल करून टाकलं.

मग वर्षाराणी गप्प बसली. दर रविवारी, दर शुक्रवारी. शुक्रवारी क्रुसाची वाट असे, येशूनं क्रूस वाहिला त्याची आठवण म्हणून. शेताच्या बांधाबांधानं चौदा ठिकाणी लाकडी क्रूस रोवलेले, प्रत्येकापाशी गुडघे टेकायचे, विलापगीत म्हणायचं, पुढे जायचं. सगळे गात असताना ती ओठ मिटून चालायची. राजानंदनं त्या दिवसापासून ढोलकी घरीच ठेवली. “दोघांनी चूक केली, दोघांनी गप बसायचं,” एवढंच म्हणाला.

मग एक गंमत झाली. गायचं नसल्यामुळे ती ऐकू लागली. सूर कुठून उठतो, ओळ कुठं संपते, आणि चांगुणाबाई श्वास कुठं घेतात. आधी त्या पूर्ण ओळीला एकच श्वास घेत. आता अर्ध्या ओळीत थांबत होत्या. बाकी कुणाच्या लक्षात येत नव्हतं, कारण बाकीचे गात होते.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात पापनिवेदनाची रांग लागली. लाकडी जाळीपलीकडे फादर, अलीकडे वर्षाराणी गुडघे टेकून बसली. राखेचं तिनं आधी सांगितलं. फादर म्हणाले, “पुढं.”

“फादर, गाताना माझं लक्ष न्हवतं.”

“कुठं होतं?”

ती घुटमळली. “...ढोलकीवर.”

“ढोलकी तर बंद होती.”

“हो फादर.”

जाळीपलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. “प्रायश्चित्त म्हणून तीनदा ‘प्रणाम मरिया’ म्हण. आणि चांगुणाबाईंचा घसा बसलाय, त्यांना काहीतरी गरम करून नेऊन दे. रागावल्या तरी दे.”

ती बाहेर आली तर रांगेत पुढचा राजानंद. त्यानं डोळ्यांनीच विचारलं, काय? तिनं मान हलवली. तो आत गेला आणि फारच लवकर बाहेर आला, कानापर्यंत लाल होऊन.

“काय म्हणले फादर?” तिला राहवलं नाही.

“म्हणले, ‘पुढच्या वेळी दोघं एकदमच या, माझा वेळ वाचेल.’”

“खोटं!”

“खोटंच,” तो म्हणाला. “पण चेहरा तुमचा बघण्यासारखा झाला.”

त्या संध्याकाळी वर्षाराणी तांब्यात ज्येष्ठमधाचं गरम पाणी घेऊन चांगुणाबाईंच्या घरी गेली. दार लोटलेलं होतं. आतून आवाज येत होता. चांगुणाबाई भिंतीकडे तोंड करून तो चढता सूर ‘ला ला’वर लावून पाहत होत्या. पहिला लागला. दुसरा कसाबसा. तिसऱ्याला नुसती हवा निघाली. त्यांनी भिंतीला हात टेकला, दम घेतला, पुन्हा लावला. पुन्हा हवा.

वर्षाराणीच्या हातातला तांब्या वाजला. चांगुणाबाई वळल्या.

“ऐकलंस?”

“ऐकलं.”

“मंग जा, सांग गावाला. म्हातारीचा सूर गेला, मला गाऊ द्या म्हणावं.”

“कशाला सांगू?” वर्षाराणीनं पेला भरून पुढे केला. “पाणी प्या मावशी. गरम हाये तवर.”

चांगुणाबाईंनी पेला घेतला. प्यायल्या. रिकामा पेला परत दिला, पण बस म्हणाल्या नाहीत. वर्षाराणी परत आली. आता हे एक गुपित तिच्यापाशी होतं, ते कुणालाही सांगितलं असतं तर तिचं गाणं तिला परत मिळालं असतं. तिनं आईला सांगितलं नाही. राजानंदलाही सांगितलं नाही, आणि तेच सगळ्यांत अवघड गेलं.

गुड फ्रायडेला क्रुसाची वाट संपली तेव्हा उन्हं कलली होती. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाशेजारी दोघं जरा मागे राहिले.

“गाळप संपलं,” राजानंद म्हणाला. “हंगामी लोकांचा हिशेब झाला. ईस्टरची मिस्सा झाली की मी गावाकडं.”

“परत... कवा?”

“पुढचा हंगाम. बोलावलं तर.” तो गाडीच्या आरशाशी चाळा करत राहिला. “मला एक बोलायचं होतं. पण उपवासकाळ हाये. आमच्यात या दिवसांत असलं बोलत न्हाईत.”

“कसलं?”

“असलंच... घरचं. पुढचं.”

“मंग कवा बोलतात?”

“ईस्टर झाल्यावर.”

“अन् ईस्टर झाल्यावर तुमी चालले,” वर्षाराणी म्हणाली आणि भरभर पुढे निघून गेली.

ईस्टरच्या पहाटे मंदिराच्या अंगणात पऱ्हाट्या पेटवून नवा अग्नी केला. त्यावरून मोठी मेणबत्ती लागली, तिच्यावरून सगळ्यांच्या मेणबत्त्या, आणि अंधारलेलं मंदिर चेहऱ्याचेहऱ्यानं उजळत गेलं. वाचनं झाली. घंटा वाजल्या. जांभळं कापड जाऊन वेदीवर पांढरं आलं. राजानंद आज ढोलकी घेऊन बसला होता, खोळ काढून. हात ढोलकीवर टेकलेले, नजर चांगुणाबाईंवर.

चांगुणाबाई उठल्या. पहिला सूर.

“आलेलुया...”

खणखणीत नव्हता, पण खरा होता. लोकांनी उत्तर दिलं. दुसरा सूर. तो अर्ध्यावर चिरकला. लोकांनी उत्तर दिलं, पण बिचकत. बाकांवर चुळबुळ सुरू झाली. चांगुणाबाईंनी तिसऱ्यासाठी श्वास घेतला, आणि त्या श्वासावरूनच वर्षाराणीला कळलं की तो पुरणार नाही.

आता तिनं नुसतं तोंड उघडलं असतं तर सूर तिचा होता. कुणी नावं ठेवली नसती. पण ती उठली, चांगुणाबाईंच्या शेजारी गेली, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि ओठ मिटूनच तो सूर गुणगुणला, अगदी हळू, फक्त त्यांना ऐकू जाईल इतका. त्यांना धरायला आधार मिळावा म्हणून.

चांगुणाबाईंनी वळून पाहिलं.

“म्हण,” त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

“मावशी, तुमी म्हणा ना... मी संगं हाये...”

“म्हण म्हणते ना! गप बसायला शिकलीस. आता म्हण.” आणि दंडाला धरून त्यांनी तिला पुढे केलं.

वर्षाराणी पुढे झाली. समोर सगळं गाव, शेकडो मेणबत्त्या. तिला वाटलं होतं भीती वाटेल. वाटली नाही. इतके दिवस जे ऐकत आली होती ते सगळं तिच्या गळ्यात येऊन उभं राहिलं, आणि तिनं तोंड उघडलं.

सूर उठला. उपवासकाळभर बंद ठेवलेला तो शब्द मंदिराच्या पत्र्यांपर्यंत गेला आणि तिथं थांबला, हलला नाही, थरथरला नाही. राजानंदनं घाई केली नाही. तो सूर पूर्ण टेकेपर्यंत हात रोखून बसला, आणि टेकताक्षणी थाप मारली. मग झांजा, घंटा, टाळ्या, आणि अख्ख्या वडमाळचा आवाज. फादर इनास वेदीवर उघडपणे हसत होते. चांगुणाबाई पदरानं डोळे पुसत सगळ्यांत मोठ्यानं, फाटक्या आवाजात गात होत्या. वर्षाराणी गात राहिली. तिला रडूही येत होतं आणि गाताही येत होतं, आणि दोन्ही एकदम होऊ शकतं हे तिला त्या पहाटे कळलं.

मिस्सा संपली तेव्हा पूर्वेला तांबडं फुटलं होतं. अंगणात बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, हातात चहा आणि करंज्या. जो तो वर्षाराणीच्या पाठीवर थाप मारत होता. चांगुणाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “आता दर साली हीच म्हणंल. माझं हे ठरलं.”

फाटकापाशी राजानंदची मोटारसायकल उभी होती. मागे वळकटी बांधलेली. तो तिथूनच पाहत होता, जवळ येऊ की नको अशा चेहऱ्यानं.

वर्षाराणीनं चहाचा कप आईच्या हातात दिला आणि निघाली. बायकांच्या घोळक्यातून बाहेर, मोकळं अंगण ओलांडून, पुरुषांच्या घोळक्यातून सरळ फाटकाकडे. बोलणी थांबत गेली. तिचे वडील, त्रिंबकराव, करंजी हातात धरून बघत राहिले.

“झाला ईस्टर,” ती त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली. “बोलणार होता ना तुमी?”

“इथं?” राजानंदनं आजूबाजूला पाहिलं. “सगळ्यांसमोर?”

“तुमाला लाज वाटत असंल तर मी बोलते. मला आता हळू बोलायला जमत न्हाई.”

“थांबा, थांबा...” त्यानं हातातलं हेल्मेट खाली ठेवलं. परत उचललं. परत ठेवलं. “वर्षाराणी, तुमी मला आवडता. पहिल्या दिवसापासून. गप बसलेल्या तर लईच आवडल्या. न्हाई, म्हंजे... तसं न्हाई म्हणायचं...”

“कळलं. पुढं.”

“माझ्याशी लग्न करता का?”

“करते,” वर्षाराणी म्हणाली. तिसऱ्या सुरासारखंच, मोकळं आणि पूर्ण.

अंगणात एकच गलका उठला. फादर इनास कप घेऊन पुढे आले आणि म्हणाले की लग्नाची पहिली जाहीर सूचना पुढच्याच रविवारी वाचायला आपली काही हरकत नाही, आईवडिलांची नसेल तर. सगळ्या माना त्रिंबकरावांकडे वळल्या. त्यांनी करंजी शांतपणे संपवली, हात झटकले.

“एवढे दिवस आख्खं गाव बघून राह्यलंय,” ते म्हणाले. “मीच तेवढा आंधळा हाये व्हय? पोरगा बरा हाये. पण त्याच्या आईला कोण सांगणार?”

राजानंदनं फोन लावला आणि स्वतः एक शब्द न बोलता तो वर्षाराणीच्या हातात दिला.

“जय येशू, आई,” ती म्हणाली. “मी वर्षाराणी, वडमाळची. तुमच्या मुलाला आज येकट्याला पाठवत न्हाई. आमी दोघं येतो.”

“दोघं कशी?” त्रिंबकराव मागून ओरडले. “बाप न्हाई का तुला? तिघं सांग!”

“चौघं!” उषाबाईंनी पदर खोचला. “अन् करंज्यांचा डबा भरस्तोवर कुणी हलायचं न्हाई.”